शिकाऊ शिक्षकाला वस्ताद कोण?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फौंड्रीत नवा मुलगा कामाला लागला, तर पहिल्याच दिवशी यंत्र त्याच्या स्वाधीन करून सहसा कोणी निघून जात नाही. एखादा जाणता कारागीर काही काळ त्याच्या शेजारी उभा राहतो, हत्यार कसे धरावे ते दाखवतो आणि हात चुकला तर तेथल्या तेथे थांबवतो. यात परोपकाराचा भाग थोडा. धातूचा रस साच्यात नीट पडला नाही तर नग बाद होतो, प्रसंगी माणूसही भाजतो, म्हणून ही दक्षता. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने तर उमेदवाराला विद्यावेतन देणे आणि त्याच्या शिक्षणाची सोय करणे ही मालकाची जबाबदारीच ठरवून टाकली आहे.

या वसाहतीच्या परिसरात कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी अशी गावे आहेत. कामगारांची मुले अशाच गावांच्या शाळांत शिकतात. सीमाभाग जवळ असल्याने कुणाच्या घरी कानडी बोलली जाते, तर परप्रांतातून आलेल्या कुटुंबातील मुलाला मराठी अक्षरांची ओळख शाळेतच होते. अशा वर्गासमोर उद्या ज्याला उभे राहायचे आहे, त्या छात्राध्यापकाच्या शेजारी कोण उभे असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रामाणिक उत्तर असे की, पुष्कळदा कोणीच नसते.

अध्यापक-प्रशिक्षणातील सराव पाठांची आपली रीत सर्वपरिचित आहे. छात्राध्यापक रात्र जागून पाठटाचण लिहितो. त्यात विषयप्रवेश, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन आणि गृहपाठ अशा पायऱ्या नेमक्या उतरलेल्या असतात. निरीक्षक प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसतात, काही वेळाने निरीक्षण वहीत ‘फलकलेखन सुवाच्य, आवाज किंचित मोठा हवा’ असा शेरा लिहितात आणि दुसऱ्या वर्गाकडे वळतात, कारण त्या दिवशी त्यांना आणखी कित्येक पाठ पाहावयाचे असतात. वर्गाचा मूळ शिक्षक याच वेळी शिक्षकखोलीत माहितीचे तक्ते भरत असतो. पाठांची संख्या पूर्ण होते, सह्या पूर्ण होतात आणि उमेदवार शिक्षक होतो.

या शेऱ्यांत खोटे काही नसते, परंतु त्यांची नजर चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. निरीक्षक शिकवणाऱ्याकडे पाहतो; पाहावयास हवे ते शिकणाऱ्यांकडे. ‘खिडकीजवळच्या तीन मुलांनी तासभरात वही उघडली नाही’, ‘उत्तरे त्याच चार मुलांनी दिली’, ‘अपूर्णांकाचे उदाहरण चुकलेल्या मुलीला तुम्ही बरोबर उत्तर सांगितलेत, पण ती कोठे अडली हे विचारले नाही’, अशा एका वाक्याने नवा शिक्षक जितके शिकेल, तितके सुवाच्य फलकलेखनाच्या दहा शेऱ्यांनी शिकणार नाही. परंतु असे वाक्य लिहिण्यासाठी तो वर्ग, ती मुले आणि त्यांची घरे ठाऊक असावी लागतात. ती पाहुण्या प्राध्यापकाला ठाऊक नसतात, वर्गशिक्षकाला असतात. छात्राध्यापकाचा खरा वस्ताद म्हणूनच वर्गशिक्षक होय, आणि नेमक्या त्यालाच आपल्या व्यवस्थेने या कामातून मोकळे सोडले आहे.

हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. याच जिल्ह्यातील आजरा तालुक्यात जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते जे. पी. नाईक 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. प्रशिक्षण संस्था शाळांपासून तुटलेल्या आहेत, या दुखण्यावर त्या आयोगाने स्पष्टपणे बोट ठेवले होते. पुढे महाराष्ट्रातील डी. एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला; त्याचा अहवाल 2012 साली आला. 2014 च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासिता 20 आठवड्यांची झाली: पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. आठवडे वाढले, हे चांगलेच झाले. परंतु शेजारी उभा राहणारा माणूस नियमाने वाढत नाही. त्याच्यावाचून वाढलेला काळ छात्राध्यापकाला रिकाम्या तासांवर पाठवण्यात आणि रजेवरील शिक्षकाच्या जागी उभे करण्यात खर्ची पडण्याचा धोका असतो. फुकटचा बदली शिक्षक मिळाला म्हणून शाळेचे काम भागते. उमेदवाराचे शिक्षण मात्र तेथेच थांबते.

यावर शाळांचे म्हणणे असे की, शिक्षकाला आधीच श्वास घेण्यास फुरसत नाही, त्यात हे नवे ओझे कोठे? या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि मार्गदर्शनासाठी लागणारा वेळ छात्राध्यापक स्वतःच निर्माण करतो, हे विसरता कामा नये. तो वर्ग घेतो तेव्हा मूळ शिक्षकाचा तास मोकळा होतो. प्रश्न इतकाच की, तो तास तक्त्यांच्या वाट्याला जावा की वर्गाच्या. तो तास वेळापत्रकात ‘मार्गदर्शन’ म्हणून नोंदवावा आणि त्यावर दुसरे काम लादू नये. एका शिक्षकाकडे दोनपेक्षा अधिक उमेदवार देऊ नयेत. पाठावरची चर्चा त्याच दिवशी शाळा सुटण्यापूर्वी व्हावी. गुण देण्याचे काम मात्र महाविद्यालयाकडेच ठेवावे, कारण ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यापुढे कोणी आपली अडचण मोकळेपणी मांडत नाही. या कामाची नोंद शिक्षकाच्या सेवापुस्तकात व्हावी आणि त्याला माफक मानधन मिळावे.

मानधनाच्या पैशाचा प्रश्न निघेल, तर औद्योगिक वसाहतीकडेच वळता येईल. 2013 च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्यास सांगितले आहे, आणि शिक्षण हे त्यातील मान्य काम आहे. या निधीचा विचार होतो तेव्हा बाके, रंगरंगोटी, संगणक अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू पटकन सुचतात. कागलच्या उद्योजकांनी परिसरातील मार्गदर्शक शिक्षकांच्या मानधनाचा भार उचलला, तर त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावता येणार नाही. पण कुशल कामगार मिळत नाहीत, ही उद्योगांची तक्रार ज्या वर्गात सुरू होते त्या वर्गापर्यंत तो पैसा पोहोचेल.

या प्रश्नात पणाला लागले आहे ते छात्राध्यापकाचे प्रमाणपत्र नव्हे. वस्तादाविना शिकलेला शिक्षक पुढे नोकरीत आपल्या चुका मुलांवरच सुधारतो. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षे तो मानधनावर काढतो, आणि त्या काळातही त्याच्या वर्गात बसून पाहणारे कोणी असेलच असे नाही. बाद झालेला नग भट्टीत परत टाकून वितळवता येतो. तिसरीत वाचनाची गाडी अडलेले मूल मात्र तिसरीत परत येत नाही. ते मुकाट्याने पुढच्या वर्गात जाते आणि मागच्या बाकावर बसते.

कागलच्या घाटगे घराण्यातून करवीरच्या गादीवर गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी राज्याने तेव्हा उचलली. त्या मुलासमोर तयारीचा माणूस उभा करण्याची जबाबदारीही त्याच वचनात अंतर्भूत आहे. तालमीत वस्ताद स्वतः कुस्ती खेळत नाही, हौद्याच्या काठावर उभा राहून तो फक्त पाहतो आणि वेळेवर बोलतो. कोल्हापूरला हे निराळे सांगावे लागू नये. पहिलवानासाठी आणि कारागिरासाठी जे आपण आवश्यक मानतो, ते शिक्षकासाठी अनावश्यक मानण्याचे कारण काय, एवढेच आता शासनाने आणि महाविद्यालयांनी सांगावे.