पाना-पक्कड : डबा गोठतो तेव्हा

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, अंगणातले पाणी गोठायच्या आधीच आमच्या बेसमेंटमधला कॉम्प्युटर गोठला. सौ. भारतातल्या एका लग्नाचे फोटो बघत होत्या. एकाएकी माउसचा बाण जागच्या जागी उभा. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ ९.४२ वर थांबलेले, भिंतीवरचे मात्र पावणेदहाच्या पुढे गेलेले. बटण दाबून धरले, बंद केला, परत लावला; जणू काही झालेच नाही अशा थाटात स्वारी सुरू! चार दिवस गुण्यागोविंदाने चालला. पाचव्या दिवशी, कोणी हातसुद्धा लावलेला नसताना, पुन्हा तेच.

वाचकहो, सरळ बिघडलेले यंत्र परवडले. अधूनमधून बिघडणारे यंत्र म्हणजे घरी पोट दुखते म्हणून लोळणारे आणि डॉक्टरच्या दारात पाऊल टाकताच टुणटुणीत होणारे पोर. दाखवायचे काय आणि कोणाला?

चिरंजीवांनी (वय वर्षे सोळा) निकाल देऊन टाकला. "बाबा, नऊ वर्षांचा झाला तो. विंडोज दहाचा सपोर्टपण ऑक्टोबरमध्ये संपला. नवीन घेऊ या ना!" मुद्दा खोटा नव्हता. आम्ही मनातल्या मनात खिसा चाचपत होतो, तेवढ्यात जिन्यावरून सौ. म्हणाल्या, "अहो, पण नानांचं बोलणं त्यातच आहे ना?"

आमच्या पोटात धस्स झाले.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई-नाना इथे आले होते. नानांची सारी हयात साताऱ्यात ट्रकच्या गॅरेजात गेलेली. इथे दुपारी त्यांना करमेना, म्हणून आम्ही त्यांच्यापुढे मायक्रोफोन ठेवला आणि म्हटले, "काहीही बोला." अकरा दुपारी, अकरा फायली. २०२१ मध्ये नाना गेले. 'एकदा सवडीने त्याची नीट प्रत करून ठेवू' असे म्हणता म्हणता, लोकांना बॅकअपचे डोस पाजणाऱ्या आम्ही एम.एस. झालेल्या इंजिनियरने ती प्रत कधी केलीच नव्हती.

तेव्हा पहिला नियम इथेच लिहून टाकतो. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी, जे बाजारात पुन्हा मिळणार नाही ते बाहेर काढा. आम्ही त्याच रात्री बाहेरची डिस्क जोडली, अकराच्या अकरा फायली तिच्यावर उतरवल्या आणि बरोबर उतरल्या की नाही हे बघायला ऐकत बसलो. चौथ्या फायलीत नाना एका ट्रकची गोष्ट सांगत होते.

तो ट्रक म्हणे खंबाटकीचा घाट चढताना मध्येच बंद पडायचा. दर खेपेला नाही, कधीतरी. अर्धा तास थांबले की आपोआप सुरू. मालकाने लिंबू-मिरच्या बांधल्या, ड्रायव्हर बदलला, डिझेलचा पंपही बदलला. नानांनी काहीच बदलले नाही. ड्रायव्हरच्या हातात एक वही दिली. कधी बंद पडला, टाकीत डिझेल किती होते, किती वेळाने सुरू झाला, एवढेच लिहायचे. पंधरा दिवसांनी वही वाचून त्यांनी टाकी उतरवली. आत चिंधीचा बोळा! इंजिन डिझेल ओढू लागले की बोळा नळीच्या तोंडावर जाऊन बसे. इंजिन थांबले की सुटून खाली पडे. शेवटी नानांचे भाष्य : "येकदम चार पार्ट बदललेस तर गाडी चालंल, पण आजार कुठला हुता ते कळनार न्हाई. एका टायमाला एकच नट."

आम्ही दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले कालनिर्णय बेसमेंटमध्ये आणून टांगले. डबा गोठला की त्या तारखेच्या चौकटीत वेळ आणि त्या वेळी काय चालले होते ते लिहायचे. "माझ्या एकादश्यांवर लिहू नका हं," अशी तंबी मिळाली. तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. जास्तीत जास्त खंड पाच दिवसांचा.

आता एकेक नट. डबा गोठला की कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागला-विझला तर आतला जीव शाबूत आहे. एखादा प्रोग्रॅमच अडकला असण्याचा संभव मोठा. आमच्याकडे दिवा ढिम्म. म्हणजे दुखणे खोलवरचे. मग विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दर वेळी होती. ती पाहून पुष्कळजण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. धावू नये. मशीन रीतसर बंद न होता परत सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते. ते तर आपणच बटण दाबून केलेले असते!

पुढचा नट, उष्णता. वायर भिंतीतून काढून डबा उघडला. आत धुळीचे चक्क पांघरूण होते. हवेच्या डब्याने झटकले. पंखे बोटाने धरून, कारण हवेच्या झोताने ते भिंगरीसारखे फिरतात आणि बिघडतात. प्रोसेसरचे तापमान उतरले, पण चौथ्या दिवशी कालनिर्णयात आठवी नोंद पडलीच. तसेही, नुसत्या उष्णतेने मशीन बहुधा आधी मंदावते आणि अगदीच अति झाले तर बंद पडते. मग हार्ड डिस्क. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, आणि ती वाचणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. खराब झालेल्या जागांचा आकडा शून्य. डिस्क निर्दोष सुटली.

उरली मेमरी. मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम यूएसबीवर घालून मशीन त्यावरच सुरू करायचे आणि रात्रभर चालू ठेवायचे. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ. इथेच पुष्कळजण थांबतात. पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा तिसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या होत्या. मेमरीच्या बाबतीत एक चूकसुद्धा जास्तच. आमच्या मशीनमध्ये आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. पुढच्या दोन रात्री एकेक पट्टी एकटी तपासली. एक निर्दोष, दुसरी सदोष. तीच सदोष पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, तरी चुका होत्याच. म्हणजे खाच चांगली, पट्टी वाईट.

हाच आमचा चिंधीचा बोळा. त्या पट्टीतल्या खराब जागी फोटोचा एखादा ठिपका येऊन पडला तर रंग किंचित बदलेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण खुद्द विंडोजचा हुकूम येऊन पडला की मशीन जागच्या जागी थिजणार. कुठल्या वेळी तिथे काय येईल याचा नेम नाही, म्हणून गोठण्याचाही नेम नाही.

हे चिरंजीवांना मोठ्या ऐटीत समजावत असताना आमचीच जीभ अडखळली. ते म्हणाले, "म्हणजे आजोबांच्या फाइल्स कॉपी केल्या, त्या पण याच मेमरीतून गेल्या ना?"

गेल्या होत्या. प्रत करताना प्रत्येक अक्षर मेमरीतूनच जाते. सदोष पट्टीच्या मशीनवर केलेली प्रत म्हणजे झोपाळलेल्या कारकुनाने उतरवलेला दस्तऐवज. मग बापलेकांनी डबा उघडून डिस्क बाहेर काढली, अ‍ॅडॉप्टर लावून चिरंजीवांच्या लॅपटॉपला जोडली आणि नव्याने प्रत केली. फाइलीतला मजकूर मोजून एक लांबलचक आकडा काढणारी आज्ञा विंडोजमध्येच असते. मजकुरात तसूभर फरक पडला तरी आकडा पार बदलतो. मूळ आणि नवी प्रत, अकरापैकी अकरा जुळल्या. मूळ आणि त्या रात्रीची घाईची प्रत, अकरापैकी दहा. कानाला सातव्या फायलीत काही फरक कळत नव्हता, पण आकडा जुळत नव्हता. त्या प्रतीच्या भरवशावर आम्ही जुना डबा पुसून टाकला असता तर? विचारसुद्धा नको.

एका पट्टीवर मशीन आता सात आठवडे अखंड चालले आहे. 'दुरुस्त झाले' असे केव्हा म्हणावे याचा आमचा साधा ठोकताळा सांगतो : आधीच्या सर्वांत मोठ्या खंडाच्या निदान तिप्पट दिवस वाट पाहावी. आमचा खंड पाच दिवसांचा, म्हणून पंधरा दिवस होईपर्यंत आम्ही पेढे वाटले नाहीत. इंटरनेटसाठी यथावकाश नवे मशीन येईल. नानांच्या बोलण्याच्या मात्र आता तीन प्रती आहेत : एक या घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, आणि एक पुण्यात ताईकडे.

त्या रात्री डिस्क परत बसवेपर्यंत चौथी फाइल लॅपटॉपवर चालू होती. चिरंजीवांनी ती मधेच थांबवली आणि विचारले, "बाबा, खंबाटकी म्हणजे एक्झॅक्टली कुठे?" आम्ही पाना-पक्कड बाजूला ठेवली आणि नकाशा उघडला.

तुमच्याही घरात अशी एखादी फाइल असेल. अंक वाचून खाली ठेवलात की आधी तिची प्रत करा. डबा नंतर उघडता येईल.

पुढच्या अंकात : रात्री तीनलाच टिवटिवणारा स्मोक डिटेक्टर.