उसना काळा रंग

मे २०२४ मध्ये सॅम फॉर्स्टर या कॅनडातील गोऱ्या पत्रकाराने, आपण कृष्णवर्णीयाचे सोंग घेऊन अमेरिकेत फिरलो व त्यावर पुस्तक लिहिले, असे जाहीर केले. वाट्याला आली ती टिंगल. पासष्ट वर्षांपूर्वी हाच प्रयोग धाडसाचा ठरला होता. एवढा फरक का पडावा?

१९५९ च्या अखेरीस टेक्सासचे लेखक जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये वैद्यकीय देखरेखीखाली औषधी गोळ्या घेतल्या, अतिनील दिव्याखाली तासन् तास काढले, वर रंग चोळला आणि मुंडण केले. नाव, शिक्षण, बोलणे यांपैकी काहीच बदलले नाही. ज्याच्याकडून ते आदल्या दिवसांत बूट पॉलिश करून घेत, त्यानेही त्यांना ओळखले नाही. साधे पाणी पिण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय शोधत दूरवर चालणे नशिबी आले. त्याच सुमारास मॅक चार्ल्स पार्कर या कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून ओढून नेऊन ठार करणाऱ्यांवर आरोप ठेवण्यास मिसिसिपीतील ज्युरींनी नकार दिला होता. ग्रिफिन मुद्दाम त्या राज्यात गेले. वाटेतल्या थांब्यावर बसचालकाने गोऱ्यांना उतरू दिले, काळ्यांना अडवले. पुढे माँटगोमेरीत ते कधी गोरे, कधी काळे होऊन फिरले. माणूस एकच, शहर एकच. गोऱ्यांच्या नजरेतील सौजन्य मात्र रंगागणिक येई आणि जाई.

'ब्लॅक लाइक मी' हे त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये आले. त्याआधीच, लेखमाला प्रसिद्ध होताच, त्यांच्या मॅन्सफील्ड गावात त्यांची प्रतिमा फासावर लटकवली गेली. कुटुंबासह त्यांना मेक्सिको गाठावे लागले. पण कृष्णवर्णीयांना यात नवे ते काय होते? माँटगोमेरीतील बसबहिष्कार १९५५-५६ सालचा. रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' त्याहून जुने. साक्षीदार लाखो होते. त्यांची साक्ष ग्राह्य मानली जात नव्हती, इतकेच. गोऱ्या वाचकाला गोऱ्याच्या तोंडूनच ते पटावे, हा वर्णद्वेषाचा वेगळाच पुरावा म्हणावा लागेल.

म्हणून असे सोंग सरसकट त्याज्य ठरत नाही. १९८५ च्या 'गान्झ उन्टेन' या पुस्तकासाठी जर्मन पत्रकार ग्युंटर वालराफ 'अली' नावाचे तुर्की मजूर बनले आणि पोलाद कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली राबले. हद्दपारीच्या भयाने ज्याला तोंड उघडता येत नाही, त्याच्या बाजूने असा साक्षीदार उपयोगी पडतो. मात्र २००९ मध्ये तेच वालराफ चित्रपटासाठी सोमाली बनले, तेव्हा कृष्णवर्णीय जर्मनांनीच आक्षेप घेतला. आम्ही येथेच आहोत, आम्हालाच का विचारत नाही?

ग्रिफिन यांना ही विसंगती फार आधी जाणवली होती. साठच्या दशकात दंगली उसळल्या, की शहरोशहरीचे गोरे पुढारी त्यांना बोलावून घेत आणि कृष्णवर्णीयांचे म्हणणे काय, असे विचारत. त्या वेळी त्याच खोलीत त्याच शहरातील कृष्णवर्णीय नागरिक बसलेले असत.