काय लागतंय त्याला?

परसात खोली बांधणारा मध्यमवर्गीय गृहस्थ फरशीसाठी चार दुकानं पालथी घालतो आणि वायर मात्र वाण्याकडून सुतळी आणावी तशी आणतो. "दोन दिवे नि एक पंखा, काय लागतंय त्याला?" म्हणे! माझा या 'काय लागतंय'ला कडाडून विरोध आहे.

अहो, दिव्यामागोमाग तिथे इस्त्री येते, पाण्याचा हीटर येतो. शिवाय नुसता भार पाहून भागत नाही, अंतरही मोजावं लागतं. आम्ही पडलो बँकवाले. वाटेतली कपात आम्हाला लगेच दिसते. खोली ३० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर वायर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यातून १० अँपिअर नेले, तर २३० व्होल्टांपैकी सातेक वाटेतच गडप! सत्तरेक वॅट नुसती वायर तापवण्यात. ४ चौरस मिलिमीटरची घ्या, कपात तीनेक व्होल्टांवर येते.

आणि वायर कपड्यांच्या दोरीवरून नेणाऱ्याला तर मी कर्जाचा फॉर्मसुद्धा देणार नाही. जमिनीखालून न्यायची तर लोखंडी चिलखताची आर्मर्ड केबलच हवी. सोबत धड अर्थिंग आणि घरातल्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. केबल कुठून गेलीय हे कुदळीला ठाऊक नसतं, कुदळ धरणाऱ्यालाही नसतं. आणि तो बहुधा आपल्या घरचा नसतो. आपल्या काटकसरीचं बिल त्याने का भरावं?