ओरानचा लहानसा धर्मप्रांत

अल्जीरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरान शहरीं कॅथोलिकांचा एक लहानसा धर्मप्रांत आहे. १८६६ सालीं तो स्थापन झाला, तेव्हां त्याच्या पाठीशीं फ्रेंच राजसत्ता होती. १९६२ सालीं देश स्वतंत्र झाला, वसाहतवाले निघून गेले, आणि पुढें शहरांतील भव्य कॅथीड्रलाचें सार्वजनिक ग्रंथालय झालें. याचें आम्हांस फारसें दुःख नाहीं; सत्तेबरोबर आलेल्या वास्तूंत सत्ता गेल्यावर पुस्तकें यावीं, हा कांहीं वाईट सौदा नव्हे.

आमचें लक्ष जातें तें मागें राहिलेल्यांकडे. बिशप पियर क्लावेरी १९३८ सालीं अल्जीयर्स शहरींच एका युरोपीय कुटुंबांत जन्मले. अरबांच्या शेजारीं वाढूनही आपण त्यांस ओळखीत नव्हतों, अशी कबुली त्यांनीं पुढें स्वतःच दिली. पिढ्यानुपिढ्या ज्यांच्याशीं देवघेव, त्यांची भाषा न शिकणें हा केवढा बुडीत व्यवहार, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच! क्लावेरी अरबी शिकले, इतरांस शिकवूं लागले, १९८१ सालीं ओरानचे बिशप झाले आणि यादवींत धमक्या येत असतांही तेथून हालले नाहींत. १ ऑगस्ट १९९६ च्या रात्रीं त्यांच्या निवासाच्या दारांतच बॉम्बचा स्फोट झाला. त्यांस विमानतळावरून मोटारींतून आणणारा मोहंमद बूशिखी हा मुसलमान तरुणही त्यांजबरोबर मेला. दोघांचें रक्त एकाच फरशीवर मिसळलें. त्या यादवींत मेलेले बहुतेक सारे मुसलमानच होते, हेंही येथें विसरतां कामा नये.

८ डिसेंबर २०१८ रोजीं ओरान येथें क्लावेरी व इतर अठरा जणांस चर्चनें धन्य म्हणून घोषित केलें, आणि तेंही सरकारच्या संमतीनें. मात्र त्याच देशाच्या २००६ च्या कायद्यानें मुसलमानास धर्मांतरास प्रवृत्त करणाऱ्यास २ ते ५ वर्षांची कैद सांगितली आहे. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कारितास ही चर्चची सेवासंस्था सरकारच्या मागणीवरून बंद करावी लागली. वसाहतीच्या काळाची जखम खोल आहे, म्हणून सरकारचा संशय आम्हांस कळतो. लालूच दाखवून होणाऱ्या धर्मांतराची तरफदारी आम्ही कधींच करणार नाहीं. परंतु संस्थेच्या दाराशीं येणारे गरीब बहुतांशीं मुसलमान व परदेशांतून आलेले निराधार होते. जें सरकार मृत बिशपाचा उघड्या टेकडीवर गौरव होऊं देतें, त्यास जिवंतांच्या सेवेची भीति कां वाटावी? त्यानें या निर्णयाचा फेरविचार करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.