हृद्रोगी, व्यायाम आणि अर्धशक्ती

“वैद्यराज, हृदयासाठी चालणे चांगले, सायकल चांगली, की पोहणे?” हा प्रश्न अलीकडे चिकित्सालयाइतकाच औषधी दुकानाच्या फळीवरही विचारला जातो. अर्जुनारिष्टाची बाटली हाती देता देता “रोज चालत जा” एवढेच उत्तर आपण देतो. औषधाची मात्रा, काल व अनुपान काटेकोरपणे सांगणारे आपण व्यायामाची मात्रा मात्र रुग्णाच्या मर्जीवर सोडतो, हे मला योग्य वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रमाचा व्यायाम सुचविला. अमुकच प्रकार करावा, असा आग्रह त्यात नाही. आपल्या रत्नागिरीतच पाहा. भाट्याच्या मऊ वाळूत चालण्यास टणक जमिनीच्या सुमारे दुप्पट शक्ती खर्च होते आणि पाखाडी चढताना तर चांगल्या धडधाकट माणसालाही धाप लागते. मग नुसते “चाला” म्हणण्यातून मात्रा ती कोणती कळणार?

ही मात्रा आपल्या संहितांनी अर्धशक्ती या शब्दात सांगितली आहे. हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागला की बलार्ध झाले, असे सुश्रुताचार्य सांगतात. बोलता येते पण गाता येत नाही, ही आजची मध्यम श्रमाची कसोटी याच्या किती जवळची आहे! कपाळ व काखेतील घाम हेही लक्षण सांगितले जाते; परंतु कोकणात वैशाखात बसल्या जागी घाम फुटतो, तेव्हा येथे श्वासावरच भिस्त ठेवावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात वयावरून काढलेला नाडीच्या ठोक्यांचा हिशेब फसतो. तेथेही श्वासच उपयोगी पडतो.

वाग्भटांनी वृद्धाला व्यायाम वर्ज्य सांगितला, म्हणून आपल्यापैकी काहीजण साठी उलटलेल्या रुग्णाला बसवूनच ठेवतात. मला हे मान्य नाही. देहाला पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते, असे सुश्रुतसंहितेतच आहे.

खरी अडचण पावसाळ्याची. जूनमध्ये छत्री उघडली की फिरणे बंद, आणि चार महिन्यांनी एकदम पूर्वीच्याच वेगाने सुरू! ग्रीष्म-वर्षेत व्यायाम कमी करावा हे खरे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ओटीवर येरझाऱ्या, बेताचे सूर्यनमस्कार घरातही होतात. मात्र रक्तदाब आटोक्यात नसेल तर डोके खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. “चढण चढताना छाती आवळते, थांबलो की बरे वाटते” असे कोणी म्हणाल्यास त्याला अरिष्ट देऊन चालावयास सांगू नये, त्याच दिवशी हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. विश्रांतीत काढलेला ई.सी.जी. निर्दोष आला, तरीही पाठवावे.