ईदीतून आलेला जीव

ईद झाली की मुलांच्या हातात ईदी येते आणि कधीकधी तिच्यातून घरात एखादा नवा जीव येतो. यंदा कल्याणच्या आमच्या एका विद्यार्थ्याने ईदीच्या पैशांतून ॲक्सोलॉटल आणला. गुलाबी अंग, हसरे तोंड, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. पंधरा दिवसांत मुलगा रडवेला होऊन आमच्यापुढे उभा. "टीचर, तो काही खात नाही. त्याच्या पिसांवर कापूस आलाय."

आम्ही विचारले, "पाणी किती गरम आहे?" त्याला ठाऊक नव्हते. घरी जाऊन थर्मामीटर घातला तर पारा 30 अंशांवर!

ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे, बेडकासारखा उभयचर प्राणी आहे. त्याचे मूळ घर मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्को भागातले थंड पाणी. त्याला 16 ते 18 अंश मानवतात. 24 च्या वर गेले की त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे, ठाणे-डोंबिवलीत, एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतली टाकी किती तापते, हे सांगायला नको. त्यात दुपारी वीज गेली तर पंखाही बंद.

आजाराच्या खुणा ओळखायला शिकावे. कल्ले पुढे वळणे किंवा आखडणे, शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकणे, खाणे सोडणे, तळाशी न बसता वर तरंगत राहणे, कल्ल्यांवर पांढरा कापसासारखा थर येणे. हा थर बुरशीचा असतो. तो दिसला की मुले औषधाच्या दुकानाकडे धावतात. पण मूळ कारण बहुतेक वेळा पाण्यात असते. पाणी दिसायला निर्मळ असले म्हणून ते पाक असतेच असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत.

म्हणून आधी पाणी मोजावे. मग टाकीतले पाव भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालू नये. बर्फ झालेली बंद बाटली टाकीत सोडून पाणी हळूहळू थंड करावे, एकदम नको. आजारी जीव वेगळ्या टबात ठेवून त्यातले पाणी रोज पूर्ण बदलावे. माशांची औषधे स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्याची कातडी फार नाजूक असते, औषध थेट शरीरात शिरते. तळाशी बारीक खडे नकोत, तो ते गिळतो आणि पोट अडते. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर उभयचर प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठावा.

त्या मुलाने हे सगळे मनापासून केले. दहाव्या दिवशी ॲक्सोलॉटलने गांडूळ खाल्ले. पण त्याच्या अम्मीने आम्हाला विचारले, "टीचर, मे महिन्यात काय करू? रोज किती बाटल्या गोठवू?" या प्रश्नाला आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. पाणी थंड ठेवणारे चिलर यंत्र महाग, आणि हा जीव दहा-पंधरा वर्षे जगतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीची हकीकत सांगितली आहे. तिने मांजर कोंडून ठेवली, तिला ना खायला दिले ना मोकळे सोडले, आणि त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली. घरात आणलेला जीव ही अल्लाहची अमानत असते. जमत नसेल तर तो मासुंदा तलावात किंवा उल्हास नदीतही सोडायचा नाही. तिथे तो स्वतः मरेल किंवा तिथल्या जीवांना रोग देईल. ज्याच्याकडे थंड पाण्याची सोय आहे, अशा जाणत्या माणसाकडे सोपवावा.

पुढच्या ईदला मुलाने प्राणी मागितला, तर आधी एक थर्मामीटर आणावा. महिनाभर त्याने घरातल्या बादलीभर पाण्याचे तापमान वहीत लिहावे. मग त्या वहीत बघून, आपल्या घरी कोणता जीव सुखाने राहील, हे मुलासोबत बसून ठरवावे.