समुद्राकडे गहाण पडलेली जमीन

बँकेच्या नोकरीत एक धडा मी पक्का गिरवला होता : माल सडेल, सोने चोरीला जाईल, जमीन मात्र कुठे पळून जात नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील होल्डरनेसने तो खोटा ठरवला आहे. तिथला किनारा वर्षाला सरासरी सुमारे २ मीटर मागे हटतो.

कारण दडले आहे खडकात. कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट लाटांना दाद देत नाही. फ्लॅम्बरोचे खडूचे कडे गुहा-कमानी कोरून घेतात, पण तग धरतात. होल्डरनेस मात्र हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली दगडमाती! तिथली कित्येक गावे समुद्राने गिळली. गेलेल्या घराची भरपाई कायद्याने मिळत नाही.

१९९१ साली मॅपलटन गाव व रस्ता वाचवण्यासाठी दगडी बांध घातले. गाव वाचले, पण दक्षिणेकडे जाणारी वाळू अडली आणि तिकडची शेते अधिक वेगाने ढासळू लागली. एकाची जमा ती दुसऱ्याच्या खात्यावर नावे!

वाहून गेलेले सगळेच बुडीत खाती जात नाही. त्यातल्याच वाळू-गोट्यांवर दक्षिणेची स्पर्न हेड ही वाळूची चिंचोळी पट्टी पोसली जाते. सगळा किनारा बांधून काढला, तर ती कशावर जगणार?

आपल्या कोकणातही कातळाच्या कुशीत वाळूच्या पुळणी आहेत. बंधारा मागताना आपणही विचारायला हवे : ही वाळू येते कुठून आणि पुढे कोणाच्या दारी जाते?